गळलेली पानं, चिंचोके आणि अंगणातली शाळा



आश्विन लागला, पाऊस ओसरला की बालवाडीतून चिठ्ठी येते, ‘मुलाकडून हस्तकलेची एखादी वस्तू करून घ्या.’ गेल्या वर्षी मी नातवासाठी बाजारातून तयार संच आणला. आकार कापलेलेच होते, फक्त चिकटवायचे. दहा मिनिटांत काम झालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी विचारलं, “केवढ्याला पडलं? माझ्या नातीलाही सांगितलंय.” किंमत सांगताना मला संकोच वाटला.

तेव्हा ताराबाई मोडक आठवल्या. लहान मुलांचं शिक्षण पैशावाचून अडू नये, यासाठी या बाईंनी आयुष्य घातलं.

ताराबाईंचा जन्म 1892 चा. 1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करू लागल्या. 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. मारिया माँटेसरी यांची पद्धत त्यांना मनापासून पटली होती. माँटेसरीबाईंनी पहिलं बालगृह 1907 मध्ये रोममधल्या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत उघडलं होतं. पण आपल्याकडे त्या पद्धतीची लाकडी साधनं महाग पडायची, त्यामुळे ती खात्यापित्या घरच्या मुलांपुरतीच राहण्याची भीती होती.

1945 मध्ये ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताई बालपणीच विधवा झालेल्या, पुढे जिद्दीने शिकलेल्या. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. मग या दोघी बालवाडीच वस्तीत घेऊन गेल्या. कोणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, नखं कापायची, न्हाऊ-माखू घालायचं, गाणी-गोष्टी सांगायच्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा अंगणातून आला. साधनं कोणती? पानं, फुलं, बिया, खडे, शिंपले. मोजणं, लहान-मोठं लावणं, रंग ओळखणं हे सगळं त्यातच.

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा भरली. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. 1975 मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. ते पाहायला ताराबाई नव्हत्या, त्या 1973 मध्येच गेल्या.

यंदा मी संच आणला नाही. मावशींच्या नातीलाही बोलावलं. आधी नियम सांगितला, हिरवं पान तोडायचं नाही, चातुर्मास आहे. खाली पडलेलंच उचलायचं, आणि तेही उलटून बघायचं, मुंगी-किडा असेल तर तिथेच ठेवायचं. या एका नियमाने मुलं इतकी निरखून पाहायला शिकली की मीच थक्क झाले.

मग खेळ. पानं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावली. पिंपळाचं पान कागदाखाली ठेवून वरून तेलखडू फिरवला, की शिरा उमटतात, मुलं टाळ्या पिटतात. चिंचोके दहा-दहाच्या ढिगात मोजले. चार चिंचोके फोडून फासे केले, पांढरी बाजू किती, काळी किती, त्यावर बेरीज. (तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती बिया देऊ नका, तोंडात घालतात.)

खर्च झाला तो कोऱ्या कागदांचा आणि खडूंचा. नातवाने आणि मावशींच्या नातीने पानांचं एकेक पुस्तक केलं. तिच्या पुस्तकात बाभळीचं आणि बोराचं पान होतं, ते तिच्या वस्तीतलं. नातवाला ती झाडं माहीतच नव्हती. तिनेच त्याला नावं शिकवली.

दिवाळीत निर्वाण लाडू चढवून आलात की सुट्टीची एक दुपार अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात मुलांसोबत बसा. आणि शेजारपाजारचं, कामाला येणाऱ्या बाईंचं मूलही बोलवा. एकट्याच्या मुलासाठी खेळ मांडला तर ताराबाईंचं निम्मंच काम आपण उचललं असं होईल.