कारणे द्या

मित्रांनो, वर्गात माझ्या कपड्यांना मुशीच्या तेलाचा वास यायचा, आठवतंय? बाबा त्याच तेलाने होडी माखत. म्हणूनच माइक पांडे यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ पाहताना मी गप्प झालो.

केनियात वाढलेल्या, आधी हत्तींवर माहितीपट केलेल्या पांडेंनी गुजरातच्या किनाऱ्यावरची व्हेल शार्कची कत्तल चित्रित केली. होड्यांना तेल आणि परदेशात मांस, यासाठी हा अजस्र पण निरुपद्रवी मासा मारला जाई. २००० साली माहितीपटाला पांडा पुरस्कार मिळाला. २००१ साली सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले. असे संरक्षण मिळालेला हा देशातला पहिला मासा.

बाई, इतिहासाच्या पेपरात तुम्ही ‘कारणे द्या’ विचारायचात. इथले कारण एवढेच लिहीन : एकाने पाहिले, ते सर्वांना दाखवले.