मल्लीची पुतळी आणि ओट्यापाशी उभी बाहुली



भातुकली आपण सगळ्याच खेळलो आहोत. बाहुली स्वयंपाक करते, बाहुला बाहेरून येऊन जेवायला बसतो. हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवलं नाही, तरी ते तोंडपाठ होतं. अमेरिकेतल्या एका बाईने हीच भातुकली मोठेपणी पुन्हा मांडली आणि तिच्यासमोर कॅमेरा लावला. आज तिची गोष्ट सांगते आणि तिच्या निमित्ताने आपल्या आगमातल्या एका पुतळीचीही.

लॉरी सिमन्स यांचा जन्म १९४९ सालचा, न्यूयॉर्कचा. त्यांचं बालपण गेलं त्या काळात महायुद्ध संपून पुरुष घरी परतले होते आणि युद्धाच्या दिवसांत कारखान्यांत राबलेल्या कितीतरी बायकांना पुन्हा घराची वाट दाखवली गेली होती. शहराबाहेर नव्या वसाहती उठल्या. मासिकांच्या पानापानांवर फ्रीजशेजारी हसत उभी असलेली गृहिणी दिसू लागली. १९६३ मध्ये बेटी फ्रीडन यांनी पुस्तक लिहून विचारलं की एवढं सगळं असूनही या बायका आतून उदास का आहेत? १९७५ मध्ये मार्था रोझलर यांनी एक छोटी चित्रफीत केली. तीत त्या एकेक भांडं हातात घेऊन इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने त्याचं नाव सांगतात आणि प्रत्येक भांड्यागणिक हातवाऱ्यांतला राग वाढत जातो.

सिमन्स यांनी १९७६ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी खेळण्यातलं घर मांडलं, त्यात एक गृहिणी बाहुली ठेवली आणि अगदी जवळून फोटो काढले. सुरुवातीला कृष्णधवल, १९७८ पासून रंगीत. बाहुली ओट्यापाशी उभी आहे, न्हाणीघरात उभी आहे, कोचावर वर्तमानपत्र घेऊन बसली आहे. घर लख्ख आहे, भिंतीवर फुलांचा कागद आहे आणि बहुतेक फोटोंत ती एकटीच आहे. एका फोटोत तर ती स्वयंपाकघरात चक्क डोक्यावर उभी आहे!

कॅमेरा एवढा जवळ असला की खेळण्यातलं घर क्षणभर खरं वाटतं. मग एखादी वस्तू नजरेत भरते. भाजी बाहुलीच्या मानाने भलतीच मोठी असते, किंवा हात कोपरात वाकतच नाही. तेव्हा कळतं की हे हसू रंगवलेलं आहे. तिच्यापुढे काहीही ठेवलं तरी ते तसंच राहणार. या फोटोंत भाषण नाही की घोषणा नाही. पाहणारीलाच जाहिरातीतली ती हसरी बाई आठवते, आणि कधीकधी स्वतःचाही चेहरा. पुढे १९८७ पासून त्यांनी आणखी एक मालिका केली. तीत बाईचे फक्त पाय दिसतात आणि वरचं धड म्हणजे एक घर, एक केक किंवा एक पर्स. बाई घर सांभाळता सांभाळता घरच होऊन गेली!

आता आपल्याकडे येऊ. ज्ञाताधर्मकथा या अंगसूत्राच्या आठव्या अध्ययनात मिथिलेच्या कुंभराजाची कन्या मल्ली हिची कथा आहे. श्वेतांबर परंपरा एकोणिसाव्या तीर्थंकरांना स्त्री मानते, तर दिगंबर परंपरेत मल्लिनाथ भगवान पुरुषच आहेत. दोन्हीकडच्या मैत्रिणी इथे वाचतात, म्हणून त्या वादात शिरत नाही. कथा मात्र दोघींनीही ऐकावी अशी आहे.

मल्लीचा धाकटा भाऊ चित्रशाळा बांधवतो. तिथल्या एका चित्रकाराला पडद्याआडून मल्लीच्या पायाचा फक्त अंगठा दिसतो. तेवढ्यावरून तो तिचं हुबेहूब चित्र काढतो. भाऊ चिडून त्याला हद्दपार करतो. चित्रकार हस्तिनापूरला जातो, तिथला राजा चित्र पाहतो आणि मागणी पाठवतो. असे एकूण सहा राजे. कुणी रूपाची कीर्ती ऐकली, कुणी चित्र पाहिलं. नकार मिळताच सहाही जण सैन्य घेऊन मिथिलेवर चालून येतात. तिला न विचारता तिची एक प्रतिमा गावोगाव फिरली आणि तिच्यावरून युद्ध पेटलं.

मल्लीने मात्र आधीच स्वतःची एक प्रतिमा करवून घेतली होती. हुबेहूब तिच्यासारखी सोन्याची पुतळी, आतून पोकळ, मस्तकावर कमळाचं झाकण. रोज जेवताना एक घास ती त्या पुतळीत टाकत असे. सहा राजांना सहा दालनांत बसवलं, तेव्हा पुतळीलाच मल्ली समजून ते भान हरपून पाहत राहिले. मग खरी मल्ली आली आणि तिने झाकण काढलं. दुर्गंधीने राजांनी नाकाला वस्त्र लावलं. ती म्हणाली, सोन्याच्या पुतळीत घास टाकून ही गत, तर हाडामांसाच्या देहाचं काय? राजांना पूर्वभव आठवले आणि युद्ध तिथेच थांबलं.

सिमन्स यांचा प्रश्न समाजाचा आहे, मल्लीचा वैराग्याचा. दोन्ही एक म्हणू नयेत. पण दोघींनी साधन एकच वापरलं: लोक बाईची जी प्रतिमा डोळे भरून पाहतात, तीच हाती घेतली आणि आत काय आहे ते दाखवलं.

आपल्या घरात हा प्रश्न जुना झालेला नाही. परिचय मेळाव्यासाठी मुलीचा फोटो काढताना साडी कोणती, केस कसे, हसू किती, हे ठरवायला सगळं घर जमतं. मग तो फोटो सहा घरी फिरतो. ती स्वाध्यायात काय वाचते, हिशेब किती चोख ठेवते, तिला पुढे काय करायचं आहे, यांतलं फोटोत काही येत नाही. चौका लावणं, पाणी गाळणं, सूर्यास्ताआधी सर्वांची ताटं वाढणं ही आपली साधना आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण साधना करणारी बाई ओट्याची वस्तू नसते, आणि साधना घरातल्या पुरुषांनाही वर्ज्य नाही.

सुट्टीत घरातल्या मुलामुलींना बाहुल्या आणि तुमचा मोबाईल द्या. सांगा, बाहुल्यांचं घर मांडा आणि फोटो काढा. कोण पोळ्या लाटतंय, कोण पुस्तक वाचतंय, दाराबाहेर कोण निघालंय, ते नीट पाहा. मग जागा बदलून पुन्हा फोटो काढायला लावा. मुलं हसतील आणि प्रश्नही विचारतील. उत्तरं द्यायला बाबांनाही सोबत बसवा.

जय जिनेंद्र.