देवारणीचं नाव

माझ्या दंडावर जपानी कोई मासा आहे. पुण्यातल्या नोकरीत पहिली पगारवाढ झाली, तेव्हा गोंदवून घेतलेला. सालेकसा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तर आजीने तो बोटाने घासून पाहिला. "कोनं गोदला?" मी स्टुडिओचं नाव सांगितलं आणि उलट विचारलं, तुझं कोणी गोंदलं?

"देवारीन होती. नाव कोन पुसते?"

जपानात नाव पुसतात. तिथला गोंदणारा उस्ताद 'होरी'ने सुरू होणारं नाव घेतो; होरी म्हणजे कोरणं. योकोहामाच्या होरियोशीचं नाव तर तिसऱ्या पिढीपर्यंत आलं. मधे १८७२ ते १९४८ सरकारी बंदी होती, तरी ही परंपरा तुटली नाही. निक्कोच्या देवळातली झोपलेली मांजर ज्याने कोरली म्हणतात, तो हिदारी जिंगोरो खरंच होऊन गेला का, याचीच इतिहासकारांना शंका आहे. पण नाव आहे!

गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी, इंग्रजांच्या काळात, हा सगळा भाग मध्य प्रांतात होता. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली या प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले. त्यात देवार आहेत: पुरुष गाणारे, बायका गोंदणाऱ्या. देवार आपलं मूळ रतनपूरचा राजा कल्याणसाय याच्या पदरी असलेल्या गोपाल रायपर्यंत नेतात आणि त्याची गाथा गातात. गाणाऱ्यांना पूर्वज मिळाला. सुई धरणाऱ्या बाईचं मात्र, मी शोधलं तिथे तरी, एकही नाव सापडलं नाही.

आजीला बाकी सगळं आठवतं. दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुया. तेलात खललेली दिव्याची काजळी. दोन बायांनी तिला दाबून धरलं होतं आणि देवारीण गाणं म्हणत होती, म्हणजे पोरीचं लक्ष गाण्याकडे. वर हळद. मजुरी सूपभर धान.

"दागिने इथंच रायतात, गोदना संग येते," आजी म्हणाली. मध्य भारतातल्या कितीतरी आज्या हेच सांगतात.

मग माझा मासा?

"येईल ना." तिने पुन्हा दंड उजेडात धरला. "पन नीट पाहून गोदायचा होता. एक डोरा लहान झाला."