वऱ्हाडातील नवोदय विद्यालय व आमच्या कन्या

इंग्रजी विद्येचे दार आमच्या ज्ञातीस उघडले ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी हायस्कुलातून, हे वडीलधाऱ्यांच्या मुखाने आपण सर्वांनी ऐकलेच आहे. परंतु ते दार खेड्यापासून फार दूर होते. ज्याच्या राहण्याजेवण्याची सोय लागली तो शिकला, ज्याची लागली नाही तो बैलांमागे राहिला. आणि मुलींचा तर विचारही सहसा कोणी केला नाही. ही अडचण ओळखूनच डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीस प्रथम छात्रालय काढले व पुढे १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली.

लोकांनी आरंभिलेले हे कार्य सरकारने निराळ्या रूपाने स्वतःच्या खर्चाने हाती घेतले ते १९८५-८६ साली. राजीव गांधी पंतप्रधान असताना प्रयोगादाखल दोन नवोदय विद्यालये निघाली. एक हरियाणात झज्जर येथे व दुसरे आपल्या अमरावतीस. अवघ्या देशातून हा मान वऱ्हाडास मिळावा, याचा अभिमान कोणास वाटणार नाही? १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या योजनेस स्थैर्य दिले. आज अशी विद्यालये साडेसहाशेंच्या घरात आहेत. हिंदीच्या प्रश्नावरून एकट्या तमिळनाडूने ती स्वीकारली नाहीत.

लोक यांस इंग्रजी शाळा म्हणतात. परंतु पहिल्या दिवसापासून मुलाच्या तोंडी इंग्रजी कोंबण्याचा अट्टाहास येथे नाही. प्रवेश सहाव्या इयत्तेत मिळतो व त्यासाठीची परीक्षा मराठीतून देता येते. प्रारंभीची वर्षे अध्यापन मातृभाषेतून होते. नंतर गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकवितात. नववीत काही विद्यार्थी वर्षभर हिंदी प्रांतातील विद्यालयात जातात व तिकडचे इकडे येतात. छत्तीस वर्षे खडू हाती धरलेल्या माणसास ही रीत पटते. कच्च्या मराठीवर इंग्रजीचा मजला चढवू पाहणाऱ्यांची फजिती मी पुष्कळ पाहिली आहे.

यांतील पाऊण हिस्सा जागा ग्रामीण मुलांसाठी व किमान एक तृतीयांश मुलींसाठी असतात. निवास, भोजन, पुस्तके, गणवेष सारे विनामूल्य. मुलामुलींचे वर्ग एकत्र भरले तरी वसतिगृहे स्वतंत्र असतात.

ही शेवटची गोष्ट योग्य वेळी सांगण्यात प्रस्तुत लेखकाकडून कसूर झाली. १९९४ साली मी एका खेड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. माझ्या पाचवीतील, आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी त्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. तिचे वडील म्हणाले, "गुर्जी, पोरगी मुलांच्या शाळेत वस्तीले ठेवू? जातीत तोंड कसं दाखवू?" मी तेव्हा आपल्या मंडळाचा तालुका चिटणीस होतो. वसतिगृहाची व्यवस्था मला ठाऊक होती. तथापि 'जातीत' हा शब्द ऐकताच चिटणिसाची वाचा बसली. गुरुजी म्हणून बोलावयास हवे होते, तेही राहिले. ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. तिची जागा यादीतील पुढील उमेदवारास गेली, आणि सातवीनंतर तिची शाळा सुटली.

निकालाचे पत्र न्यावयास कोणी आले नाही. निवृत्त होताना टेबलाचा खण रिकामा केला तेव्हा ते सापडले. आता माझ्या घरी आहे.