उशिरा आलेल्यांची शाळा

आमचं ॲप कुणाला वापरता आलं नाही, की ऑफिसात आम्ही हसून म्हणतो, चूक वापरणाऱ्याची आहे. शाळा सुटलेल्या मुलांबद्दलही मी बरीच वर्षं असंच समजत होतो. शाळा आहे, फुकट आहे, तरी जात नाहीत म्हणजे घरच्यांनाच पडलेली नाही. बांगलादेशातल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि हा समज गळून पडला.

1971 च्या युद्धाच्या काळात फजले हसन आबेद यांनी तेल कंपनीतली मोठी नोकरी सोडली आणि 1972 मध्ये परतलेल्या निर्वासितांसाठी काम सुरू केलं. त्यातूनच ‘ब्रॅक’ ही संस्था उभी राहिली. संस्थेचे प्रौढांसाठी साक्षरता वर्ग चालत. तिथे येणारे आईबाप विचारू लागले, आमच्या मुलांचं काय? म्हणून 1985 मध्ये 22 शाळा सुरू झाल्या.

शाळा म्हणजे भाड्याची एक खोली. बांबूच्या किंवा मातीच्या भिंती, वर पत्रा, खाली चटई आणि साधारण 30 मुलं. वय आठ ते दहा. कधीच शाळेत न गेलेली किंवा मधेच गळलेली. दोन तृतीयांशांहून जास्त मुली.

आता नऊ वर्षांच्या मुलीची अडचण बघा. सकाळी धाकट्या भावाला सांभाळायचं, बकऱ्या बघायच्या. सरकारी शाळेची वेळ नेमकी तीच. गेली तरी सहा वर्षांच्या पोरांसोबत पहिलीत बसायचं, तर लाज वाटणार. ब्रॅकनं यातली एकेक अडचण बाजूला काढली. वर्ग रोज तीनेक तासच, आणि तो कधी भरवायचा हे पालकांना विचारून ठरायचं. फी नाही. घरचा अभ्यास नावापुरता, कारण घरी विचारायला शिकलेलं माणूस नाही. वर्गातली सगळी मुलं थोडीफार एकाच वयाची.

शिकवायला गावातलीच, नऊ-दहा इयत्ता शिकलेली बाई. मुलं तिला ‘आपा’ म्हणत, म्हणजे ताई. दोनेक आठवड्यांचं प्रशिक्षण, मग दर महिन्याला उजळणी. तीच आपा त्याच मुलांना शेवटपर्यंत शिकवायची. त्यामुळे कोण कुठे अडलंय हे तिला दरवर्षी नव्यानं शोधावं लागत नसे. सुट्ट्या कमी होत्या. आधी हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. पुढे पाच वर्षांचं प्राथमिक शिक्षण चार वर्षांत पुरं होऊ लागलं. मग मुलं सरकारी किंवा इतर माध्यमिक शाळेत जात.

हे सगळ्यांना रुचलं नाही. गावातली बाई बाहेर पडून शिकवते, मुली शिकतात, वर्गात गाणी म्हणतात, याचा काहींना राग होता. 1994 च्या सुमारास कट्टरपंथीयांनी अनेक शाळा जाळल्या. तरीही काम थांबलं नाही. शतक संपताना अशा शाळा 30 हजारांच्या वर होत्या आणि त्यांत 10 लाखांहून जास्त मुलं शिकत होती.

दोष नव्हते असं नाही. आपांचा पगार तुटपुंजा होता आणि डोलारा बराचसा परदेशी देणग्यांवर उभा होता. त्या आटल्यावर शाळा कमी झाल्या, काही ठिकाणी फी आली. ज्या अडचणी एकेक करून काढल्या होत्या, त्यांतली एक परत दारात येऊन बसली. सरकारी शाळेनं स्वतःची वेळ आणि वयाची अट सैल केली असती, तर या वेगळ्या खोलीची गरज किती उरली असती, हा प्रश्न मला सुटत नाही.

1985 मध्ये नऊ वर्षांची असलेली मुलगी आज पन्नाशीला टेकली असेल. ती मागे पडली होती हे खरं. पण ती आळशी नव्हती, आणि तिच्या आईबापांना शिक्षण नको होतं असंही नाही. शाळेची घंटा वाजायची तेव्हा तिच्या कडेवर भाऊ असायचा, एवढंच.