तंत्रविद्या-संक्रमण व प्रादेशिक उद्योग : दक्षिण महाराष्ट्र

एका देशात विकसित झालेले उत्पादनाचे ज्ञान, यंत्रे, आरेखने व कौशल्य दुसऱ्या देशात नेऊन तेथे रुजविणे, यास तंत्रविद्या-संक्रमण म्हणतात. यंत्र विकत घेणे हा या प्रक्रियेचा सर्वांत सोपा भाग होय. मोडलेले यंत्र दुरुस्त करणे, त्याचे सुटे भाग स्थानिक साधनांनी घडविणे व अखेरीस स्थानिक गरजेनुसार त्याच्या रचनेत बदल करणे, या पायऱ्या क्रमाने चढल्या तरच ती विद्या त्या प्रदेशाची होते. विकसनशील अर्थव्यवस्थेत ही वाटचाल कशी होते व कोठे अडते, हे सांगली, कोल्हापूर व सातारा हे जिल्हे आणि लगतचा बेळगाव परिसर यांच्या औद्योगिक इतिहासावरून स्पष्ट होते. येथील अभियांत्रिकी उद्योग बंदराच्या वा खाणीच्या आश्रयाने वाढला नाही. तो शेतीच्या गरजांतून निर्माण झाला.

आरंभ : या उद्योगाचे प्रवर्तक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत यांत्रिक आरेखनाचे शिक्षण घेतले आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले. बेळगाव येथे त्यांनी प्रथम सायकलींचे दुकान काढले व नंतर कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनविण्यास प्रारंभ केला. इंग्लंड-अमेरिकेतील लोखंडी नांगर त्या काळी भारतात येत असत. तथापि त्यांचे सुटे भाग गावोगावी मिळत नसत. काळ्या जमिनीत खोल रुजणाऱ्या हरळी व कुंदा या तणांचा नाश करण्यासाठी खोल नांगरट आवश्यक होती. लाकडी नांगराने ती करावयाची, तर अनेक बैलजोड्या जुंपाव्या लागत. लोखंडी नांगराची उपयुक्तता त्यामुळे उघड होती. तरीही लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत प्रचलित होता आणि पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लवकर झिजणारा फाळ कठीण बिडाचा व बदलता येण्याजोगा करणे, ही या नांगराच्या यशाची एक गुरुकिल्ली ठरली. मूळ कल्पना परदेशी असली, तरी झिजलेल्या फाळाऐवजी नवा फाळ मिळण्याची सोय ही खरी नवनिर्मिती होती.

बेळगाव येथील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळील ओसाड जमीन व कर्ज दिले. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कुशल कामगारांचा वर्ग तेथे नव्हताच. शेतकरी, लोहार व सुतार कुटुंबांतील तरुणांना साचे करणे, ओतकाम व लेथवरील काम शिकवून तो तयार करण्यात आला. एका अर्थी कारखाना हीच तेथील तंत्रशाळा होती. १९२० मध्ये निघालेल्या किर्लोस्कर खबर या मासिकाचा उद्देशही आरंभी कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत नेणे हाच होता.

संस्थानी आश्रयाचे हे एकमेव उदाहरण नव्हे. औंध संस्थानातच ओगलेवाडी येथे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. काचकामाच्या शिक्षणासाठी पैसा फंडाच्या द्वारा १९०८ मध्ये तळेगाव येथे सुरू झालेला कारखाना उपयोगी पडला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांच्या कारकीर्दीत १९०६ मध्ये शाहू मिलचा प्रारंभ झाला व पुढे राधानगरी धरणाचे काम हाती घेण्यात आले. पाणी, ऊस व गूळ यांच्या वाढीबरोबर चरक, काहिली व पंप यांची मागणी वाढली.

टंचाईचा धडा : पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) आयात लोखंड व कोळसा यांची चणचण भासू लागली. कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा वितळवून त्यांपासून नांगर तयार करण्यात आले. रंगासारख्या आयात पदार्थांनाही पर्याय शोधावे लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) परदेशी तेल-इंजिने व त्यांचे भाग येणे कठीण झाल्यावर कोल्हापूरच्या मिस्त्रींनी प्रथम सुटे भाग व नंतर संपूर्ण इंजिने घडविली. यांतील अनेकांचे औपचारिक शिक्षण बेताचेच होते. समोरचे इंजिन सोडवून त्याची मापे घ्यावयाची, लाकडी फर्मा करावयाचा, बिडाचे ओतीव काढावयाचे व ते लेथवर उतरवावयाचे, अशी त्यांची पद्धती होती. ओतशाळा, फर्मे करणारे व यंत्रण करणारे छोटे कारखाने उद्यमनगरात शेजारी शेजारी असल्याने एकाचे कौशल्य दुसऱ्यास सहज मिळे. सौराष्ट्रात राजकोटच्या कारागिरांनीही लिस्टर पद्धतीच्या इंजिनांबाबत याच मार्गाने प्रगती साधली.

परवाना व सहयोग : स्वातंत्र्यकाळात अनुकरणाऐवजी करारबद्ध संक्रमणास महत्त्व आले. शंतनुराव किर्लोस्कर (१९०३–९४) यांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे डीझेल इंजिनांचा कारखाना ब्रिटिश कंपनीच्या सहयोगाने निघाला. त्याच वर्षी बंगलोर येथे विद्युत् यंत्रांचा उद्योगही सुरू झाला. हरिहर येथे लेथ बनविणारा कारखाना तत्पूर्वीच, १९४१ मध्ये, निघाला होता. १९६२ मध्ये अमेरिकेतील कमिन्स कंपनीबरोबर पुणे येथे संयुक्त कंपनी स्थापण्यात आली.

करार संपल्यावर काय उरते, यावर अशा सहयोगाचे मोल अवलंबून असते. बजाज ऑटो व इटलीतील पियाज्जो यांचा स्कूटरविषयक करार १९७१ मध्ये संपला. तोवर सुटे भाग पुरविणारे कारखाने व प्रशिक्षित कामगार तयार झाल्यामुळे पुढील वर्षी ‘चेतक’ स्कूटर बाजारात आणणे शक्य झाले. उलटपक्षी किर्लोस्कर-कमिन्समधील भारतीय भागीदार १९९७ मध्ये बाहेर पडला आणि कंपनीचे नियंत्रण परदेशी भागीदाराकडे गेले. उत्पादन येथेच राहिले, परंतु संशोधनाची दिशा ठरविण्याचा अधिकार मात्र येथे राहिला नाही.

धोरण व परिवर्तन : सांगली येथे १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या शिरोली, गोकुळ शिरगाव इ. वसाहतींमुळे छोट्या कारखान्यांस जागा, वीज व पाणी मिळाले. याच दशकात कोयना प्रकल्पाची वीज उपलब्ध झाली आणि ग्रामीण विद्युतीकरण वाढले, तसतशी शेतीतील तेल-इंजिनाची जागा विद्युत् पंप घेऊ लागला. ज्या इंजिनावर कोल्हापूरचा उद्योग उभा होता, त्याचीच बाजारपेठ आकुंचित झाली. तरीही ओतशाळा टिकल्या, कारण ओतकामाचे कौशल्य एका वस्तूपुरते मर्यादित नव्हते. पुणे परिसरातील वाहन-उद्योगास व पुढे परदेशांसही त्या ओतिवे पुरवू लागल्या. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर आयातीची स्पर्धा तीव्र झाली. हरिहरचा लेथ कारखाना एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडला.

मूल्यमापन : या प्रदेशातील यशाची कारणे मुख्यतः तीन : शेतीतून येणारी निश्चित मागणी, संस्थाने व पुढे शासन यांनी दिलेला प्रारंभीचा आधार आणि कारागिरांची शिकण्याची तयारी. आयातीच्या टंचाईने त्यांस चालना दिली. तथापि टंचाई हे स्वयमेव कारण नव्हे, कारण जेथे कौशल्याचा पाया नव्हता, तेथे तिच्यातून केवळ तुटवडाच निर्माण झाला. मर्यादाही स्पष्ट आहेत. वाहनांच्या सुट्या भागांचा पुरवठा करताना आरेखन ग्राहक-कंपनीचे व श्रम स्थानिकांचे, अशी विभागणी रूढ झाली. वस्तू मोडून, पाहून व सुधारून करण्याची जी वृत्ती नांगर व इंजिन यांच्या काळात दिसून आली, तिला अशा विभागणीत वाव कमी राहतो. संक्रमित विद्या प्रदेशाची झाली किंवा नाही, याची कसोटी निर्यातीच्या आकड्यांपेक्षा आरेखन करण्याची क्षमता कोणाकडे आहे, यातच आहे.