स्टिअरिंग रॅकचे बूट घरी बदलताना

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस खाम नदी ओलांडली, की छावणीची हद्द सुरू होते. जुनी झाडे, अंगण असलेली घरे आणि गुरुवारचा आठवडी बाजार ही या भागाची ओळख. शहराच्या दाट वस्तीत ज्याची वानवा असते, ते येथील काही घरांना अजून लाभलेले आहे. ते म्हणजे दारात मोटार उभी करून तिच्या खाली डोकावता येईल इतके सपाट, मोकळे अंगण. जवळच्या नगर नाक्यावरून रस्ता वाळूजच्या औद्योगिक वसाहतीकडे जातो. तेथे १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे, तर शहराच्या पूर्वेस शेंद्रा येथे २००१ मध्ये स्कोडाने पाय रोवले. वाहने घडविणाऱ्या अशा शहरात मोटारीचे लहानसहान काम स्वतः करून पाहण्याची हौस असणे स्वाभाविकच.

स्टिअरिंग रॅकचे रबरी बूट बदलणे हे अशा कामांपैकी एक. ते फार अवघड नाही. मात्र ज्या भागाला हात घालायचा, तोच मोटारीची दिशा ठरवितो. त्यामुळे या कामात हलगर्जीपणाला जागा नाही.

बूट कशासाठी?

स्टिअरिंगचे चाक फिरविले, की त्याच्या दांड्याच्या टोकाशी असलेले लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, फिरते आणि दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, डावी-उजवीकडे सरकते. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड जोडलेले असतात आणि ते पुढची चाके वळवितात. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये हीच रचना होती आणि आजच्या बहुतेक मोटारींतही तीच आहे. रॅक आणि टाय रॉड जेथे जुळतात, त्या गोळीच्या सांध्यावर पेटीच्या भात्यासारखे घड्यांचे आवरण असते. त्यालाच बूट म्हणतात.

बुटाचे काम दोन प्रकारचे असते. आतले ग्रीस आत राखायचे आणि बाहेरची धूळ व पाणी बाहेर ठेवायचे. मराठवाड्याच्या हवेत या दोन्ही कामांची कसोटी लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, काळ्या मातीची बारीक धूळ सर्वत्र शिरते आणि पावसाळ्यात तीच धूळ चिखल होऊन चाकांमागे उडते. उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होते व घड्यांच्या तळाशी चिरा पडतात. चिरेतून शिरलेली माती ग्रीसमध्ये मिसळली, की ग्रीस वंगण राहत नाही, ते घासणारा लगदा बनते. पाणी शिरल्यास रॅकच्या गुळगुळीत दांड्यावर गंज चढतो आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असल्यास तो गंज तेलाचे सील कापतो. सांधा झिजत जाऊन निखळला, तर चाकावरील ताबाच सुटतो. बूट स्वस्त असतो. त्याच्या दुर्लक्षामुळे बदलावा लागणारा संपूर्ण रॅक मात्र कित्येक पटींनी महाग पडतो.

तपासणी कशी करावी?

स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवून, चाकामागच्या जागेतून विजेरीच्या उजेडात बुटाच्या घड्या पाहाव्यात. घड्या उलगडलेल्या असताना चिरा स्पष्ट दिसतात. आसपास ग्रीस उडालेले असेल, क्लॅम्प सैल झालेला असेल किंवा रबर हाताला चरचरीत लागत असेल, तर बूट बदलावा. बुटातून पातळ तेल गळत असेल, तर मात्र दोष बुटाचा नसून रॅकच्या सीलचा असतो. तेथे नवा बूट घालून उपयोग होत नाही.

साहित्य आणि पूर्वतयारी

मोटारीच्या नेमक्या मॉडेलसाठी बनविलेला बूट व त्याचे दोन्ही क्लॅम्प, नवी स्प्लिट पिन, योग्य मापाचे दोन पाने, पक्कड, हातोडी, तारेचा ब्रश, गंज सैल करणारे तेल, मोजपट्टी, ग्रीस, जॅक आणि मजबूत जॅक स्टँड एवढे साहित्य पुरते. टॉर्क पाना असल्यास उत्तम. ग्रीस कोणते आणि नट किती घट्ट करावेत, हे त्या मोटारीच्या पुस्तिकेवरून पाहावे.

मोटार सपाट व पक्क्या जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट मोटार जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. त्यानंतर जॅकने मोटार उचलून कंपनीने दाखविलेल्या जागी स्टँड लावावा आणि मगच चाक काढावे. केवळ जॅकच्या भरवशावर उचललेल्या मोटारीखाली हात वा डोके कदापि घालू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, भार तोलून धरण्यासाठी नव्हे. काम चालू असताना लहान मुलांना अंगणात येऊ देऊ नये.

आट्यांचा हिशेब

बूट बदलण्यासाठी टाय रॉडचे बाहेरचे टोक काढावेच लागते आणि साऱ्या कामाचे मर्म येथेच आहे. आटे ब्रशने साफ करून लॉक नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजावे, त्या जागी रंगाची खूण करावी आणि लांबी मोजपट्टीने टिपून ठेवावी. एका पान्याने टाय रॉड स्थिर धरून दुसऱ्याने लॉक नट पाव फेरी सैल करावा. त्यामुळे आतल्या सांध्याला पीळ बसत नाही.

यानंतर टोकाची स्प्लिट पिन काढून खाचांचा नट उलगडावा. तो पूर्ण न काढता शेवटच्या काही आट्यांवर ठेवावा, म्हणजे टोक एकाएकी निसटत नाही. निमुळता खिळा आपल्या घरात घट्ट बसलेला असतो. तो सोडविण्यासाठी पुलर वापरावा किंवा ज्या लोखंडी डोळ्यात तो बसलेला असतो, त्या डोळ्याच्या कडेवर हातोडीचे नेमके ठोके द्यावेत. आट्यांच्या टोकावर ठोकल्यास आटे चेपतात. टोक सुटल्यावर ते किती फेऱ्यांत निघते हे मोजून लिहून ठेवावे आणि मग लॉक नटही काढावा.

आता जुने क्लॅम्प सोडवून बूट बाहेर ओढावा. उघड्या सांध्याची तपासणी करण्याची ही एकमेव संधी असते. टाय रॉड हलवून पाहावा. तो ढिला खडखडत असेल किंवा रॅकच्या दांड्यावर गंजाचे खड्डे असतील, तर काम तेथेच थांबवावे. सांधा सुस्थितीत असल्यास जुने ग्रीस कोरड्या फडक्याने पुसून नवे भरावे. नव्या रबराला पेट्रोल किंवा डिझेल लागू देऊ नये, त्याने रबर फुगते.

नवा बूट सरकविताना त्याची दोन्ही तोंडे आपापल्या खाचांत नीट बसली पाहिजेत आणि घड्यांना पीळ पडता कामा नये. लहान तोंडाच्या आत सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवावा, म्हणजे पुढे अलाइनमेंट करताना टाय रॉड फिरला तरी बूट पिळवटत नाही. काही रॅकमध्ये एका बुटातील हवा दुसऱ्यात जाण्यासाठी नळी असते. तिचे छिद्र बुटाच्या छिद्रासमोर आणावे. मग लॉक नट आणि टोक मोजलेल्या तितक्याच फेऱ्यांनी परत चढवावे, नट पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आवळावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. जुनी पिन पुन्हा वापरू नये. ज्या मोटारीत नायलॉनचा नट असतो, तेथे नटही नवाच घ्यावा.

अलाइनमेंट अटळ

एका आट्याने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. आट्यांमधील अंतर दीड मिलिमीटर आणि चाक वळविणारा हात १४ सेंटिमीटर धरला, तर एका फेरीच्या चुकीने चाकाची दिशा सुमारे अर्ध्या अंशाहून अधिक बदलते. रिमच्या कडेशी हा फरक जवळजवळ चार मिलिमीटर भरतो, तर पुष्कळ मोटारींत एक-दोन मिलिमीटरच खपवून घेतले जातात. परिणामी मोटार एका बाजूस ओढते आणि टायरची एक कड झपाट्याने झिजते. म्हणूनच फेऱ्या कितीही काळजीपूर्वक मोजल्या, तरी त्यांचा उपयोग अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सावकाश जाण्यापुरता मानावा. यंत्रावरील तपासणी हा या कामाचाच शेवटचा टप्पा होय.

दुकानाकडे निघण्यापूर्वी इंजिन सुरू करून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवावे. बुटाच्या घड्या कोठे अडकत वा घासत नाहीत ना, हे मोटारीखाली न शिरता, विजेरीने पाहावे. परत आल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासावेत.

स्वतः हे काम करण्याचा खरा लाभ मजुरी वाचण्यात नाही. एकदा बूट हाताळलेला मालक पुढे प्रत्येक पावसाळ्यापूर्वी चाकामागे विजेरी मारून पाहतो. वेळीच दिसलेली बारीक चीर एका बुटावर निभावते, न दिसलेली चीर मात्र पुढे रॅकच काढायला लावते. आणि ज्याच्याकडे स्टँड नाही, टॉर्क पाना नाही किंवा सांध्याच्या स्थितीबद्दल खात्री नाही, त्याने तपासणी घरी करावी आणि काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे. यात कमीपणा मुळीच नाही.